मुलगा ‘मैत्री’वर चाललाय, थंडी किती असेल?

गेल्या अंकात मी अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ स्थानकावर काढलेल्या हिवाळ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. पुण्याचं सिमला ऑफिस, लक्षद्वीपमधलं मिनिकॉय आणि नव्वदच्या दशकात ‘मैत्री’वरचे चौदा महिने, अशी माझी नोकरी झाली. जे मी स्वतः मोजलं त्यावर सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

प्रश्न : सर, माझा मुलगा डिझेल मेकॅनिक आहे. पुढच्या मोहिमेत ‘मैत्री’वर हिवाळ्यासाठी त्याची निवड झाली आहे. मोबाईलवर बघितलं तर तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे १० दिसतं. भावकीतले म्हणतात अंटार्क्टिकात उणे ९० असतं, पोराला कशाला पाठवता. खरं काय धरायचं? महिन्यामहिन्याला तिथं कसं असतं?
— एक आई, जि. सातारा

उत्तर : ताई, आकडे दोन्ही खरे आहेत, पण उणे ९० चा तुमच्या मुलाशी काही संबंध नाही. तो आकडा व्होस्टॉक या रशियन स्थानकाचा आहे. २१ जुलै १९८३ रोजी तिथं उणे ८९.२ अंश नोंदले गेले. व्होस्टॉक खंडाच्या पोटात, जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंचीच्या बर्फाच्या पठारावर आहे. आपलं ‘मैत्री’ समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर, शिर्माकर ओॲसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात आहे. तिथं जानेवारीत पारा शून्याच्या आसपास असतो, चांगलं ऊन असेल तर दुपारी शून्याच्या वरही जातो. काळा खडक उन्हानं तापतो. वारा पडलेला असेल तर त्या खडकाला पाठ टेकून बसावं, आपल्या गच्चीवरच्या पौषातल्या उन्हासारखं सुख वाटतं. जुलै-ऑगस्टची सरासरी उणे १७-१८ असते. निरभ्र, निवांत रात्री पारा उणे ३० च्या खाली उतरतो.

पण तुम्ही प्रश्न थर्मामीटरला विचारलात, तो वाऱ्याला विचारायला हवा. उणे १५ अंश आणि ताशी ५४ किलोमीटरचा वारा असला, की उघड्या कातडीला ते उणे २९ सारखं लागतं. आणि ताशी ५४ म्हणजे ‘मैत्री’वर काही विशेष नाही, आठवड्यातून अनेकदा तेवढा वारा असतो. उणे ३० ची शांत रात्र मी टोपी मागे सारून, आकाश बघत उभ्यानं काढली आहे. उणे १५ च्या वाऱ्यात मात्र मिनिटभर हातमोजा काढला आणि बोटांची शुद्ध गेली. म्हणून मुलगा फोनवर तापमान सांगेल तेव्हा पुढचा प्रश्न वारा किती आहे हाच विचारा.

हा वारा दोन प्रकारचा, आणि दोघांचे स्वभाव अगदी निराळे. पहिला उतरणीचा वारा. दक्षिणेला उंच बर्फाचं पठार आहे. त्यावरची हवा गारठून जड होते आणि पाणी उताराला लागावं तशी समुद्राकडे घरंगळत येते. हा वारा कोरडा असतो, आकाश स्वच्छ असतं, आणि जमिनीलगत भुरभुरा बर्फ वाळूसारखा सरपटत जाताना दिसतो. गुडघ्यापर्यंत बर्फाचा लोट आणि डोक्यावर लख्ख चांदणं, असं दृश्य मी तिथंच पाहिलं.

दुसरा हिमवादळाचा. खंडाभोवतीच्या समुद्रात एकामागून एक वादळं फिरत असतात. त्यांतलं एखादं किनाऱ्याजवळ आलं की पूर्वेकडून वारा उठतो. आधी बॅरोमीटर पडायला लागतो, मग ढग दाटतात. आणि तिसरी खूण नव्या माणसाला हमखास फसवते, ती म्हणजे तापमान चढतं. एका जुलैत मी रात्री उणे २८ नोंदवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पारा उणे १४ वर आला. चमूतला एक तरुण खुशीत म्हणाला, “काका, थंडी मोडली!” समुद्रावरची त्या मानानं उबदार हवा आत येत होती, आणि जमिनीलगत साचलेला गारठा वाऱ्यानं ढवळून निघत होता, एवढंच. संध्याकाळी वारा ताशी शंभराच्या वर गेला, रात्री झोत दीडशेच्या पुढे लागले, आणि पुढचे तीन दिवस इमारतीच्या दाराबाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. त्या मुलानं नंतर स्वतःच एक सवय लावून घेतली. पारा अचानक चढला की तो येऊन मला बॅरोमीटर विचारायचा.

अशा वेळी एका इमारतीतून दुसरीकडे जायचं तर बांधलेल्या दोराला धरून जायचं, एकट्यानं नाही आणि सांगितल्याशिवाय तर नाहीच. मुख्य इमारतीपासून आमच्या तापमापकाच्या पेटीपर्यंत माझी ६२ पावलं होती. आपल्या वेधशाळांत असते तशीच ती पांढरी, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी. वादळात तिच्या फटींतून मैद्यासारखा बारीक बर्फ आत शिरतो आणि थर्मामीटर त्यात पुरले जातात. मी खिशात रंगकामाचा जुना इंचभर ब्रश ठेवायचो. पेटी उघडायची, श्वास रोखून धरायचा, कारण तोंडची वाफ लागली तरी पारा हलतो. मग ब्रशनं काच झाडायची आणि आधी दशांश वाचायचा, कारण तो आधी बदलतो. नोंद पेन्सिलनं, पेनातली शाई गोठते. दर तीन तासांनी हे काम असायचं, वादळ असो नाही तर दिवाळी असो. परत येईपर्यंत दोराच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार दारात उभा असायचा. चौदा महिन्यांत तो एकदाही आत जाऊन बसला नाही, हे मी कधी विसरणार नाही.

आता महिन्यांचं. मार्चमध्ये शेवटचं जहाज निघून जातं, आणि मागे पंचवीसच्या आसपास माणसं उरतात. एप्रिलमध्ये स्थानकासमोरचं प्रियदर्शिनी सरोवर वरून घट्ट गोठतं, खाली पाणी राहतं आणि तेच वर्षभर प्यायला लागतं. २० मेच्या सुमारास सूर्य मावळतो तो दोन महिन्यांनी उगवतो. २१ जूनला मध्यहिवाळा साजरा होतो. अंटार्क्टिकातल्या सगळ्या देशांची स्थानकं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. तुम्हाला वाटेल जूनमध्ये अंधार सर्वात गडद, म्हणजे थंडीही तेव्हाच टोकाची. तसं होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पारा भराभर उतरतो आणि मग बराच काळ रेंगाळत राहतो. जमीन उष्णता बाहेर टाकत असते, तेवढीच थोडीबहुत उष्णता समुद्राकडून येणारी हवा आणून देते, त्यामुळे त्या थंडीला आपल्याकडच्यासारखं एक टोक नसतं. सूर्य परत आला तरी ऑगस्ट जुलैइतकाच थंड असतो. तेव्हा २३-२४ जुलैला सूर्य दिसल्याचा फोन आला की मुलाला सांगा, अजून दीड-दोन महिने जपून राहा. माणसं ढिली पडतात ती याच काळात, हे मी पाहिलं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे ओझोनचे महिने. त्याबद्दल पुन्हा कधी तरी सविस्तर लिहीन. आम्ही पुण्यात बनवलेली उपकरणं फुग्याला बांधून वर सोडायचो, आणि १५ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ नाहीसा झालेला आलेखावर समोर दिसायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून सूर्य मावळतच नाही. डिसेंबरमध्ये खडकांतून पाण्याचे बारीक ओहळ वाहायला लागतात. सात-आठ महिने वाहतं पाणी ऐकलेलं नसतं. पहिल्या दिवशी तो आवाज कसला, हेच मला क्षणभर कळलं नव्हतं.

काय बांधून द्यायचं, असंही तुम्ही विचारलंय. गरम कपडे मोहिमेकडून मिळतात. जाण्याआधी औलीला बर्फावरचं प्रशिक्षणही होतं, त्यामुळे स्वेटरचा भार नको. हवा इतकी कोरडी असते की ओठ आणि बोटांची टोकं चिरतात, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडून झटका बसतो. व्हॅसलिनचे छोटे डबे भरपूर द्या. खोबरेल तेल देऊ नका, दगड होऊन बसतं, तिळाचं द्या. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र थोडं जास्तच बांधा, पंचवीस माणसांत वाटलं जातं. आमच्या काळी घरी चार ओळींचा निरोप गेला तरी खूप होतं, आता उपग्रहावरून बोलणं होतं. तरी वादळात दोन-तीन दिवस फोन आला नाही तर जीव टांगणीला लावू नका. अँटेना बर्फानं भरली असेल आणि ती झाडायला कुणी बाहेर जायचं नाही असा नियम असेल. तो नियम तुमच्या मुलासाठीच आहे.

प्रश्न : ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असं आम्ही मुलांना शिकवतो. तुम्ही लिहिलंत की ‘मैत्री’वर रात्र दोन महिन्यांचीच. मग पुस्तकातलं चूक का?
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : सर, चूक नाही, पण सहा महिन्यांचं ते गणित फक्त नेमक्या ध्रुवबिंदूचं आहे. ध्रुववृत्तापासून जसजसं ध्रुवाकडे जाल तसतशी रात्र लांबते. ‘मैत्री’ ७०°४६' दक्षिणेला आहे, तिथं दोन महिने. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-आलेसुंड इथं आपलं ‘हिमाद्री’ स्थानक आहे, ७८°५५' उत्तरेला. तिथं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने सूर्य नाही.

आणि वर्गात हे जरूर करून दाखवा. ९० मधून अक्षांश वजा करा आणि मग २३.४ वजा करा. भर हिवाळ्यात दुपारी १२ वाजता सूर्य क्षितिजाच्या किती अंश वर आहे ते निघतं, आणि उत्तर उणे आलं तर तो तेवढा खाली. ‘मैत्री’साठी उत्तर येतं उणे ४ च्या थोडं खाली. म्हणजे २१ जूनलाही दुपारी उत्तरेच्या क्षितिजावर दोन-तीन तास केशरी उजेड असतो, आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी असतो तसा. त्या उजेडात मी वहीतले आकडे दिव्याशिवाय वाचले आहेत. ‘हिमाद्री’साठी तेच उत्तर उणे १२ च्या पुढे जातं. तिथं भर दुपारीही चांदण्या दिसतात. नांदेडचं गणितही मुलांना करू द्या, उत्तर सुमारे ४७ येईल आणि आपला हिवाळा इतका सौम्य का ते त्यांना आपोआप कळेल.

प्रश्न : मी भूगोलात एम.ए. करते आहे. ‘हिमाद्री’ ध्रुवाच्या जास्त जवळ आहे. मग तिथं ‘मैत्री’पेक्षा जास्त थंडी असायला हवी ना?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : असायला हवी, पण नसते, आणि प्रश्न तू फार नेमका विचारलास. न्यू-आलेसुंडची वर्षाची सरासरी उणे ५ च्या आसपास धरली जायची, अलीकडे ती आणखी वर सरकली आहे. ‘मैत्री’ची उणे १० आहे. म्हणजे आठ अंश अक्षांश ध्रुवाजवळ जाऊनही जागा उबदार. कारण पायाखाली बघ. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकमधून आलेलं कोमट पाणी वाहतं. गल्फ स्ट्रीमचंच ते शेवटचं टोक. उत्तर ध्रुव म्हणजे जमिनीनं वेढलेला समुद्र आणि दक्षिण ध्रुव म्हणजे समुद्रानं वेढलेली जमीन. त्या जमिनीवर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. ‘मैत्री’च्या पाठीशी ते शीतगृह कायम उघडं असतं, आणि भोवतीनं सतत फिरणारे पश्चिमी वारे आणि समुद्रप्रवाह उत्तरेची ऊब सहसा आत येऊ देत नाहीत.

याची दुसरी बाजू मला फार काळजीची वाटते. जे कोमट पाणी स्वालबार्डला सांभाळतं तेच आता त्याला बदलतं आहे. न्यू-आलेसुंड ज्या काँग्सफ्योर्ड खाडीच्या काठी आहे, ती पूर्वी हिवाळ्यात गोठायची. २००६ च्या हिवाळ्यापासून बऱ्याच वर्षी ती बव्हंशी उघडीच राहते. भर हिवाळ्यात तिथं पाऊस पडतो. तो बर्फावर गोठून काचेसारखा थर होतो आणि खालचं खुरटं गवत रेनडिअरला खुरानं उकरता येत नाही. दुष्काळात दावणीला बांधलेल्या जनावराची जी गत होते, तीच तिथं पावसामुळे होते. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं ‘हिमाद्री’वर हिवाळ्यातही राहू लागली आहेत. प्रबंधाचा विषय शोधत असशील तर गोव्याला वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राला जरूर लिही. उन्हाळ्यातल्या नोंदी पुष्कळ आहेत, हिवाळ्यातल्या कमी, आणि गोष्ट घडते आहे ती हिवाळ्यात.

प्रश्न : अंटार्क्टिकात पाऊस पडतो का? किती मिलिमीटर?
— इयत्ता आठवी, अकोला

उत्तर : बाळा, ‘मैत्री’वर पडतो तो बर्फच. तो किती पडला हे सांगणं फार अवघड. वादळात डब्यात जमा झालेला बर्फ आभाळातून आला की शेजारच्या टेकाडावरून उडून आला, हे डब्याला कसं कळणार? म्हणून आम्ही काठ्या रोवून थर मोजायचो. खुद्द दक्षिण ध्रुवावर वर्षभरात पडलेला सगळा बर्फ वितळवला तर १० सेंटिमीटरसुद्धा पाणी होत नाही. तुमच्या अकोल्यात जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी तेवढं पाणी पडून जातं. इतका बर्फ दिसतो, कारण जे पडतं ते हजारो वर्षं वितळलेलंच नाही.

प्रश्न : माझा जावई मिनिकॉयला बदलून गेला आहे. तो म्हणतो, भर समुद्रात असूनही इथं रत्नागिरीच्या निम्माच पाऊस आहे आणि बाराही महिने हवा एकसारखी. आगोट (पावसाळ्याची सुरुवात) नाही की हिवाळा नाही, असं कसं?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : जावईबापूंचं निम्मं बरोबर आहे. मिनिकॉयला वर्षाला १,६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तुमच्याकडे ३,००० च्या वर. वारा तोच, त्यातली वाफही तीच. पण मिनिकॉय हे प्रवाळाचं बेट. पाच चौरस किलोमीटरही भरत नाही आणि समुद्रापेक्षा दोन-चार मीटर वर. भरलेले ढग त्यावरून सरळ निघून जातात, त्यांना अडवायला काही नाही. तुमच्या पाठीशी सह्याद्री आहे. त्याला अडून हवा वर चढते, गार होते, आणि तो परिणाम किनाऱ्यापासूनच सुरू होतो. पोर्ट ब्लेअरला डोंगर आहेत आणि दोन्ही मोसमी वारे मिळतात, तिथं पाऊस पुन्हा ३,००० च्या घरात जातो.

तापमानाचंही ते बरोबर सांगतात. कमाल ३० ते ३२, किमान २४ ते २७, वर्षभर. माझ्या तिथल्या दोन वर्षांच्या नोंदवह्या उघडल्या तर पानावरची तारीख झाकून महिना ओळखता येणार नाही. पण शेजारचा वाऱ्याच्या दिशेचा रकाना बघितला की लगेच ओळखता येतो. हिवाळ्यात ईशान्येकडून मंद वारा, पाणी काचेसारखं. मेच्या मध्यावर तो फिरून नैर्ऋत्य-पश्चिमेला येतो आणि खडकांच्या कड्यावर लाटांचा आवाज बदलतो. छोटी गलबतं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद. आगोट आहे हो, फक्त ती आभाळात बघायची नाही, दर्यात बघायची. तुम्हा कोकणातल्या माणसाला हे मी काय सांगावं.

आणि जावईबापूंना एक जरूर सांगा. ‘केरळात मान्सून आला’ ही बातमी ज्या चौदा ठिकाणच्या पावसावरून ठरते, त्यांत मिनिकॉय आणि अमिनी ही लक्षद्वीपची दोन बेटं आहेत. १० मेनंतर या चौदांपैकी निदान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, आणि वारा व ढगांच्या अटीही पुऱ्या झाल्या, की घोषणा होते. मी असताना एका वर्षी पहिल्या दिवशी भांड्यात ३.१ मिलिमीटर भरला आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं तर पाणी २.४ च्या रेघेवर. मी ते तीनदा वाचलं. कोचीपासून मुंबईपर्यंत सगळे वाट बघत होते हे मला माहीत होतं. २.४ असंच कळवलं. त्या वर्षी मिनिकॉयचा दुसरा दिवस मोजणीत धरला गेला नाही, आणि दुपारी तीनला आमच्याकडे असा कोसळला की पलीकडचं दीपगृह दिसेना.